रक्त ज्याचं, आकडा त्याचा

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या कोपराची आतली बाजू बघायची, ही बाईंची सवय होती. मी पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तर त्यांनी नावगाव न विचारता माझा हात ओढून घेतला, बाही वर सारली आणि म्हणाल्या, "छान आहे शीर. तुला कधी त्रास व्हायचा नाही." मग कुठे मान वर केली. "तूच का ती मशीनवाली?"

मशीनवाली मीच. रक्तातलं शिसं मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत होतं आणि ते चालवणं हे माझं काम. बाई तेव्हा साठीला टेकल्या होत्या. सव्वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली. निवृत्तीनंतर घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा म्हणून त्यांनी आरोग्य खात्याच्या पाहणीत काम धरलं होतं. बुटका, रुंद बांधा, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ, खांद्याला नमुन्यांची थंड पेटी. वस्तीतली पोरं त्यांना लांबून पाहिलं की "टोचणीबाई आली!" असं ओरडून पसार व्हायची. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "वॉर्डात याहून वाईट नावं होती मला," म्हणायच्या.

आणि गंमत म्हणजे स्वतःला सुई टोचून घ्यायला त्या जाम घाबरायच्या. यंत्र तपासून बघायला आम्ही सगळ्यांनी आपापलं रक्त दिलं, तेव्हा बाई तीन दिवस काही ना काही कारण काढत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांचे यजमान सोबत आले. बसचे निवृत्त ड्रायव्हर, कानाने जरा कमी. त्यांनी बाईंचा हात धरला, बाईंनी भिंतीकडे तोंड केलं, आणि मी सुई बाहेर काढून दोन मिनिटं झाली तरी यजमान मोठ्याने विचारत होते, "झालं का? अजून नाही का झालं?"

पाहणी होती ती एका कारखान्यामागच्या चार गल्ल्यांची. कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवून काढत. धुराडं तपासून झालं होतं, नळाचं पाणी तपासून झालं होतं. पण हवेत किती आणि पाण्यात किती हे कळून अर्धंच कळतं. त्यातलं माणसाच्या अंगात किती शिरलं, हे त्याच्या रक्तालाच विचारावं लागतं. शिशाला वास नाही, चव असली तरी लक्षात येण्याजोगी नाही, आणि थोड्याथोडक्याने काही दुखतही नाही. पोर हसतंखेळतं दिसतं आणि आत त्याच्या मेंदूची वाढ मार खात असते. म्हणून मोजायचं. दर डेसिलिटर रक्तात पाच मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, की ते येतंय कुठून हे शोधायला लागायचं, असा आमचा नियम. त्याखालचं चांगलं असं मात्र कुणी म्हणत नाही.

बाईंची पद्धत अशी. घरात शिरल्यावर आधी पोराचे हात साबणाने स्वतः धुवायच्या, कोपरापर्यंत, खसाखसा. कातडीवरची धूळ सुईबरोबर आत गेली तर आकडा खोटा येतो. मग हात कोरडा करून दंडाला पट्टा बांधायच्या आणि पोराला विचारायच्या, "तुला शाळेत सगळ्यात कोण आवडत नाही?" पोर त्या शत्रूचं नाव आठवून तावातावाने सांगायला लागायचं, आणि सांगून होईतो नळी भरलेली असायची.

पण दार उघडायला हवं ना! पहिल्याच गल्लीत एका म्हाताऱ्या शिंप्याने बाईंना उंबऱ्यावर अडवलं. म्हणाला, "गेल्या वर्षी पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या. त्याआधी घराघरातली माती नेली. आता रक्त न्यायला आलात. नेता सगळं. परत काय देता?"

"आकडा देईन," बाई म्हणाल्या. "तुमच्या नातवाच्या अंगात किती आहे तो."

"कोण आणून देणार?"

"मी."

"खात्याचा माणूस असं बोलतो आणि मग तोंड दाखवत नाही."

"मी खात्याची कुठे? मी टोचणीबाई. पोरांना विचारा. नको असले तरी मी येतेच."

शिंपी हसला आणि बाजूला झाला. ही गोष्ट चारी गल्ल्यांत पसरली. एकशे त्रेसष्ट घरांत बाईंनी रक्त घेतलं आणि एकशे त्रेसष्ट घरांत तोच शब्द दिला.

दोन महिन्यांनी माझ्या यंत्रातून सगळे आकडे बाहेर आले. निम्म्याहून जास्त मुलं पाचाच्या वर होती. आमच्या साहेबांनी बैठक बोलावली. साहेब म्हणजे पाहणीचे प्रमुख, हुशार माणूस, पण कागदावर फार जपून पाऊल टाकणारा. ते म्हणाले, "सरासरी काढा, तक्ते करा, अहवाल वर पाठवू. घरोघर आकडे वाटायची गरज नाही. लोक घाबरतील, कारखान्यावर दगड मारतील, आणि उद्या आपल्यालाच विचारतील की औषध काय."

बाई शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, मी शब्द दिलाय."

"तुम्हाला शब्द द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. पण रक्त ज्याचं, आकडा त्याचा. तो आपण सांभाळायला घेतलाय, ठेवून घ्यायला नाही."

साहेबांनी फाइल मिटली. विषय संपला असं मला वाटलं. बैठक सुटल्यावर बाईंनी माझ्याकडून संमतीपत्राचा एक कोरा नमुना मागून घेतला, रक्त घेताना घराघरातून सही घेतो तो. चष्मा लावून खिडकीपाशी त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मी गेले काही महिने तो कागद हाताळत होते, पण पूर्ण कधी वाचला नव्हता. सातव्या कलमापाशी बाईंचं बोट थांबलं. "हे वाच गं मोठ्याने."

मी वाचलं. सहभागी व्यक्तीने लेखी मागणी केल्यास तिला तिचा अहवाल देण्यात येईल.

"म्हणजे मागितल्यावर द्यायलाच लागतो?"

"लागतो."

"बरं झालं," म्हणून बाई पिशवी उचलून निघाल्या.

पुढचे अकरा दिवस त्या प्रयोगशाळेत फिरकल्या नाहीत. बाराव्या दिवशी आल्या त्या थंड पेटी घेऊन. पेटीत बर्फ नव्हता, नळ्या नव्हत्या, कागद होते. वहीची पानं, कॅलेंडरची मागची बाजू, एक तर पोराच्या चित्रकलेच्या कागदावर. आमचा आकडा आम्हाला द्या, एवढंच सगळ्यांवर लिहिलेलं, खाली सही किंवा अंगठा. एकशे त्रेसष्ट. यजमानांनी घरी बसून त्यांना क्रमांक घातले होते.

साहेबांनी वरचे दहाबारा चाळले. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तो चित्रकलेचा कागद उलटून पाहिला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आणि भित्र्या माणसाला कधीकधी फक्त कुणीतरी पाठीमागून ढकलावं लागतं. त्यांनी पेन काढलं. "एक अट. ज्यांचे आकडे जास्त आहेत, तिथे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जायचं. नुसता आकडा देऊन यायचं नाही."

"ती अट मीच घालणार होते," बाई म्हणाल्या.

आकडे द्यायला त्या मला सोबत घेऊन गेल्या. पहिल्या घरात मी दारातच कागद पुढे केला, तर त्यांनी माझा दंड धरून मला आत नेऊन बसवलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "दारात उभं राहून आकडा सांगायचा नाही. ते काय वर्तमानपत्र टाकणं आहे? बसायचं, आकडा सांगायचा, करायचं काय ते सांगायचं, आणि मग गप्प बसायचं. आपण गप्प बसलो की माणसाला प्रश्न सुचतात." मी यंत्रावर हजारो आकडे काढले होते. आकड्यानंतर गप्प बसायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा तिसऱ्या गल्लीच्या टोकाच्या घरातला होता. पाच वर्षांची मुलगी, बावीस. तिची आई घरी धुणं धुवून द्यायची, बाप मालाच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कारखान्यात घरातलं कुणी कामाला नाही, असं पाहणीच्या कागदावर स्पष्ट होतं. कारखान्याच्या कामगारांची पोरं बारा, चौदा, सतरा आणि धुणंवालीची पोर बावीस, हे काही माझ्या डोक्यात बसेना. मी बाईंना म्हटलं, "नमुन्यात धूळ गेली असणार."

बाई एकदम ताठ झाल्या. "माझ्या हातून?"

मग त्यांनीच पेटी उचलली. "चल. हात दोनदा धुते या वेळी. चूक माझी निघाली तर मला बरंच वाटेल."

पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा बावीस. मी नळाचं पाणी, दाराचा रंग, भांडी, खेळणी असं सगळं तपासून आले. कशातच काही नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, "वस्तूंना विचारून झालं. आता त्या घरात एक दिवस बसू या. मशीन एक दिवस बंद राहिली तर मरत नाही."

सकाळी आठला आम्ही गेलो. एक खोली, मागे मोरी, दोन दोऱ्यांवर लॉजच्या पांढऱ्या चादरी. धुणंवाली तिशीची, बारीक, हात कोपरापर्यंत फुगलेले. पाहुण्यांसमोर काम कसं करायचं म्हणून ती अवघडली, तर बाई म्हणाल्या, "मलाही काहीतरी दे बाई करायला. नुसती बसले की मी घोरायला लागते." मग दोघींनी चादरींची टोकं धरली. घडी घालता घालता माहेर, सासर, गुडघेदुखी असं सगळं निघालं. पोर आमच्याभोवती खेळत होती. बाईंचं बोलणं चालू होतं, पण डोळे पोरीवरून हलत नव्हते.

दुपार झाली. पोरीला जेवण अंगावर आलं. ती कोपऱ्यात गेली. तिथे निळ्या कपड्यांचं एक मोठं गाठोडं होतं. त्याची गाठ तिने सवयीने सैल केली, वरचे दोन कपडे ओढून खळगा केला, आणि त्यात तोंड खुपसून झोपली.

बाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. "ते कपडे कुणाचे गं?"

"कारखान्याचे. दोन वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा येतात, कामावरचे. तिला तिथेच झोप लागते, मऊ लागतं ना."

"आम्ही विचारलं तेव्हा बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत, घरातलं कारखान्यात कामाला कोण आहे. कुणीच नाही."

खरंच होतं. प्रश्न आमचाच चुकला होता. बाई उठल्या, झोपलेल्या पोरीला अलगद उचलून घडी घातलेल्या चादरींवर ठेवलं, ओल्या फडक्याने तिचं तोंड आणि तळवे पुसले. मी गाठोड्याखालच्या फरशीवरची धूळ पुसून पिशवीत भरली. ती धूळ नंतर यंत्रात घातली तेव्हा आकडा एवढा मोठा आला, की मी तो चुकला म्हणून पुन्हा काढला. पण त्याआधीच, तिथे बसल्या बसल्या, बाईंनी धुणंवालीला सगळं समजावलं. कपडे धुण्याआधी ती दारात झटकायची, तेही त्यात आलं.

ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच घातलं तिच्या अंगात."

मला वाटलं आता बाई म्हणतील, नाही गं, तसं नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या घरातून गेलं, हे खरं. पण ते तुझ्या घरात आलं कुठून? या कपड्यांवर काय आहे हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले. दोष वाटायचाच झाला, तर रांगेत तू सगळ्यात शेवटी उभी आहेस. आता रडून घे, आणि मग तुझाही हात पुढे कर."

"माझं सोडा हो ताई. तिचं बघा."

"तुझं का सोडू? तू काय धुण्याची काठी आहेस?"

धुणंवालीचा आकडा एकतीस निघाला.

कारखान्याचे कपडे तिने त्याच दिवशी बंद केले. पण बाई एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. तिने सोडले तर दुसरी कुणीतरी घेणार, किंवा कामगार ते अंगावर घालून घरी जाणार, आणि त्यांच्या पोरांच्या रक्तात ते आधीच दिसत होतं. डॉक्टरांचं पत्र घेऊन बाई कारखान्याच्या फाटकाशी गेल्या, पाळी सुटायच्या वेळेला. धुणंवाली आपणहून सोबत आली. मी मागे उभी होते.

मॅनेजर बाहेर आला. पत्रावर नजर फिरवून म्हणाला, "कामगार कपडे कुठे धुतात, ही त्यांची घरची गोष्ट. त्यात आम्ही काय करणार?"

"आत धुवा," बाई म्हणाल्या. "आत बदलायची जागा करा. अंघोळ करून स्वच्छ कपड्यात माणूस घरी जाऊ दे."

"बाई, तुम्ही नर्स आहात. तुम्ही इंजेक्शनं द्या."

तोवर पाळी सुटून माणसं फाटकात जमली होती. मुकादम मॅनेजरच्या पाठीशीच उभा होता. वीस वर्षं मालकाच्या शब्दाबाहेर न गेलेला माणूस. तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, माझ्या पोराचा चौदा आहे."

"काय चौदा?"

"आकडा. पाचाच्या वर नको असतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "माझ्या मुलीचा नऊ." मग आणखी एक, "सतरा. धाकट्याचा सतरा." मग बारा. मग अकरा. कुणी आरडाओरडा केला नाही, दगड तर कुणी उचललाच नाही. एकेक बाप आपल्या पोराचा आकडा, परीक्षेचा निकाल सांगावा तसा, सांगत होता. बाई काहीच बोलल्या नाहीत. आकडा सांगून झाल्यावर त्या बसायच्या तशा गप्प राहिल्या. मॅनेजरने पत्र खिशात घातलं आणि तो आत गेला.

लगेच सगळं पालटलं असं नाही. कपडे बदलायची खोली आणि धुण्याचं मोठं यंत्र यायला चार महिने लागले. न्हाणीघरं व्हायला कामगार खात्याच्या निरीक्षकाला दोनदा यावं लागलं. धुराड्याचं काम तर मी हे लिहितेय तोवरही अर्धंच झालंय. पण फाटकातून माणसं घरच्या कपड्यात बाहेर पडू लागली. पुढच्या फेरीत मुकादमाच्या मुलाचा आकडा नवावर आला होता. आणि आमच्या पाहणीच्या कागदात एक नवा प्रश्न आला, बाहेरचे कपडे धुवायला घरी येतात का? तो साहेबांनी स्वतःच्या हाताने घातला. बाईंना काही बोलले नाहीत, कागद मात्र पहिल्यांदा त्यांच्याच हातात दिला.

त्या मुलीचा आकडा चार महिन्यांनी तेरा झाला, वर्षाने आठ. औषध असं काही नव्हतं. कारण दूर केलं, फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली, डॉक्टरांनी लोह आणि कॅल्शियम लिहून दिलं. "पूर्ण बरी होईल ना?" असं धुणंवाली प्रत्येक वेळी विचारायची, आणि बाई प्रत्येक वेळी तेच सांगायच्या, "रक्तातलं उतरेल. झोपेतल्या त्या दोन वर्षांनी काय नेलं, ते मला सांगता येणार नाही. शाळेत लक्ष ठेव, अडलं तर मला बोलव." खोटा दिलासा देणं किती सोपं होतं! वॉर्डात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला ते जमलं नसतं असं नाही. त्यांनी ते केलं नाही, आणि धुणंवालीचा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्यामुळेच असं मला वाटतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आकडा साडेचार आला. मी तो फोनवर कळवू म्हटलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घालायला लागले. त्यांचा गुडघा तेव्हा फारच दुखत होता. आम्ही गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लॉजवर चादरी द्यायला गेलीय. काय निरोप आहे, मी सांगते."

"निरोप नाही," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. तासभर तरी आम्ही तिथे होतो. बाईंनी डबा उघडून मला अर्धा दिला, शेजारणीच्या सुनेची शीर बघून दिली, एका पोराच्या गुडघ्यावरची खपली तपासली.

धुणंवाली आली, मुलीचं बोट धरून. बाईंना पायरीवर बघून ती जागच्या जागी थांबली. तिला वाटलं काहीतरी वाईट आहे. बाईंनी तिला आधी कुलूप काढायला लावलं, आत गेल्या, बसल्या, तिलाही बसवलं आणि मग सांगितलं, "साडेचार."

ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हणजे आता पुन्हा टोचायला नको?"

"वर्षाने एकदा. बघून ठेवलेलं बरं."

हे ऐकताच मुलगी मागच्या दाराने जी पळाली ती थेट तिसऱ्या घरात, पलंगाखाली. धुणंवाली हसत तिच्यामागे धावली. बाई गुडघा धरून उठल्या, "अगं, आज नाही! वर्षाने म्हटलं मी, वर्षाने!" असं ओरडत त्याही तिकडे निघाल्या.